अनोळखी गावात कॅमेरा घेऊन जाताना : सांगली-मिरजेचा नमुना

लोहगडाचा विंचूकाटा, कासची फुलं, मेणवलीचा घाट, मरीन ड्राइव्हचा पाऊस. हौशी छायाचित्रकाराच्या हार्डडिस्कवर हे चार फोल्डर हमखास सापडतात, आणि पाचव्यासाठी तो पुन्हा यातल्याच एका जागी जातो. मग ‘हल्ली काही सुचत नाही’ म्हणत नवी लेन्स शोधायला लागतो. लेन्सचा यात दोष नाही. या जागांचे इतके फोटो आपण पाहिलेले असतात की पाय आपोआप ठरलेल्या दगडावर जाऊन थांबतात. कुठं उभं राहायचं हेच ठाऊक नाही, अशा गावात डोळ्यांना पुन्हा काम करावं लागतं. तेवढ्यासाठी लडाखला जायची गरज नाही. रातोरात पोचता येईल असं, पण पर्यटकांच्या यादीत नसलेलं गाव पुरतं.

गाव निवडताना

देखाव्यापेक्षा कामाच्या जोरावर चालणारं गाव निवडा. देखावा दिवसातून दोन तास फोटो देतो, काम दिवसभर देतं. शोधायला सोपं साधन म्हणजे भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालेल्या वस्तूंची यादी. येवल्याची पैठणी, सावंतवाडीची लाकडी खेळणी, कोल्हापूरचा गूळ, सोलापूरची चादर अशी नावं वाचत गेलं की नकाशावर गावं उमटायला लागतात. दुसरं साधन आठवडी बाजाराचा वार. तो एसटी स्टँडवरचा चहावाला अचूक सांगतो, इंटरनेटवर बऱ्याचदा चुकीचा असतो. तिसरं, उपग्रहाचा नकाशा. गावाच्या कडेला वीटभट्ट्या, वाळवणाची मैदानं, नदीचे घाट, मोठ्या पत्र्याच्या शेडा वरून स्पष्ट दिसतात. गोव्याला निघाला असाल तर किनारा सोडून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर उतरा आणि खाजन शेतीचे (खाडीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचे) बांध व मानशी, म्हणजे पाणी सोडायची दारं, बघा.

इथं नमुना म्हणून सांगली आणि मिरज घेतलं आहे. दोन्हींत अंतर जेमतेम दहा किलोमीटर, मध्ये सिटी बस आणि वडाप सतत चालू. मिरजेत सतार-तंबोऱ्याची कारागिरी, सांगलीत हळदीचा बाजार, हरिपुरात कृष्णा-वारणेचा संगम. तीन वेगळे रंग, तीन वेगळे प्रकाश. मुंबई-पुण्याकडून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सकाळी मिरजेत सोडते, त्यामुळे पहिला दिवस वाया जात नाही.

गाव ठरल्यावर एक पथ्य पाळा : तिथले दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघू नका. माहिती वाचा, इतिहास वाचा, फोटो मात्र नको. एकदा पाहिलेली चौकट डोक्यातून जात नाही, आणि मग नव्या गावातही आपण जुनीच चौकट शोधत हिंडतो. पहिला दिवस संपल्यावर रात्री खुशाल बघा. तेव्हा ते फोटो उपयोगाचे ठरतात, कारण कुठली जागा आपल्या नजरेतून निसटली ते कळतं.

उन्हाचा हिशेब

सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या फारसा वर जात नाही. म्हणजे हिवाळ्यात दुपारचं ऊनही तिरपं असतं आणि भिंतींचा पोत उठून दिसतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात, आणि अकरा ते साडेतीन रस्त्यावर फोटो काढण्यात अर्थ उरत नाही. तो वेळ घरातल्या, शेडमधल्या, दुकानातल्या कामांसाठी राखून ठेवा.

डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणूनच मित्रानं जूनमध्ये ज्या गल्लीत सकाळचं सोनेरी ऊन पाहिलं, तिथं डिसेंबरात सावली असू शकते. फोटोपिल्ससारखं ॲप आधीच सगळं दाखवतं, पण साधं होकायंत्र आणि एवढे आकडे डोक्यात असले तरी काम भागतं.

सामान कमी ठेवा. एक बॉडी, एक लेन्स (पूर्ण फ्रेमला ३५ मिमी, एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला २३ किंवा २४), दोन बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल सरासरी २५ ते ३० एमबीची धरली तर एका कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो मावतात. दोन दिवसांत तेवढे निघाले तर तुम्ही बघत कमी आणि दाबत जास्त आहात असं समजा. सोबत ब्लोअर, झिपची प्लॅस्टिक पिशवी, मास्क, खिशात मावणारी वही आणि पेन. झूम लेन्स घरी ठेवायची ती हौस म्हणून नव्हे. अनोळखी माणसापासून २०० मिमीवर उभं राहून काढलेला फोटो चोरून काढल्यासारखा दिसतो, आणि बहुतेक वेळा तो चोरूनच काढलेला असतो. मोबाइलवर काढणार असाल तर मुख्य कॅमेराच वापरा; चिमटीनं झूम केलं की कित्येक फोनांत ती नुसती कातरलेली चौकट असते.

पहिला तास कॅमेऱ्याविना

लॉजवर सामान टाकून आधी रिकाम्या हातानं बाहेर पडा. हाच सल्ला सगळ्यात कमी पाळला जातो. कॅमेरा गळ्यात असला की पहिल्या पाच मिनिटांत ‘फोटोसारखं’ दिसणारं काहीतरी सापडतं, तिथंच अर्धा तास जातो, आणि ते नेमकं आपण आधी शंभरदा काढलेलं असतं : निळं दार, झोपलेलं कुत्रं, बिडी ओढणारे आजोबा.

नकाशावर एक किलोमीटर व्यासाचा गोल आखा आणि त्याबाहेर जाऊ नका. तासभर फिरून वहीत तीन गोष्टी लिहा : कुठल्या भिंतीवर किती वाजता ऊन आहे, कुठून कसला आवाज येतोय, आणि कोण काय वाहून नेतंय. ही तिसरी नोंद फार कामाची. मिरजेत कुणी सायकलवर मोठे वाळके भोपळे बांधून चाललं असेल तर त्याच्या मागे जा, तो तुम्हाला थेट कारखान्यात नेईल.

मग गावातला एखादा फोटो स्टुडिओ गाठा. लग्नं, बारशी आणि शाळेचे ग्रुप फोटो काढणाऱ्या या माणसाला गावातला प्रत्येक प्रकाश आणि प्रत्येक रुसवा माहीत असतो. कुठल्या गल्लीत कॅमेरा काढू नये, हेही तोच सांगतो. शिवाय उद्या प्रिंट काढायला त्याच्याकडेच यायचं आहे.

लोक बोलतात तो पहिला प्रश्न ठरलेला : “कुठलं गाव म्हणायचं पावनं?” दुसरा : “पेपरवालं का?” सरळ उत्तर द्या. पुण्याहून आलोय, हौस म्हणून फोटो काढतो, पेपरात येणार नाही. ‘प्रोजेक्ट’, ‘डॉक्युमेंटेशन’ असले शब्द काढलेत की समोरचा सावध होतो. त्याला सरकारी पाहणीचा वास येतो. वयानं मोठ्या माणसाला मामा, बाईला मावशी किंवा ताई म्हणावं. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. मिरज दवाखान्यांचंही गाव आहे. लांबलांबून पेशंट घेऊन आलेली माणसं रस्त्याकडेला, स्टँडवर बसलेली दिसतात. त्यांच्यावर कॅमेरा रोखू नये.

तंबोऱ्याच्या कारखान्यात

मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात तंतुवाद्यांची दुकानं आणि त्यांना लागून कारखाने आहेत. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली वारल्यावर या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं गेलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी दर्ग्यात संगीतसभा होते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळालं.

आत शिरल्या शिरल्या कॅमेरा काढू नका. आधी कामाचा क्रम समजून घ्या, कारण क्रम कळला की पुढची हालचाल आधी ओळखता येते. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेला वाळका भोपळा कापतात, भिजवून आकाराला आणतात, त्याला गळा आणि दांडी जोडतात, तोंडावर तबली, म्हणजे पातळ लाकडी फळी, बसते, मग कोरीवकाम, पॉलिश, खुंट्या, तारा. सगळ्यात शेवटी घोडीची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीची, जवारी : नाद खुलावा म्हणून तिचा माथा घासणं.

प्रकाशाची गोची इथंच होते. दारातून दिवसाचा उजेड येतो (साधारण ५५०० केल्विन; केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप), आत पिवळा बल्ब (३००० च्या आसपास) किंवा ट्यूबलाइट. कारागिराचा एक गाल निळा, एक नारिंगी. संगणकावर हे नीट सुधारता येत नाही. उपाय दोनच : “मामा, दिवा जरा बंद केला तर काम अडेल का?” असं विचारणं, किंवा दाराजवळ बसलेल्या कारागिरावरच लक्ष ठेवणं. काम अडत असेल तर दिवा बंद करायला लावू नका. हातात धारदार पटाशी असते.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, एफ २.८ (लेन्सच्या छिद्राचं माप), शटर १/१०० सेकंद ही सुरुवात. १/१०० का? आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण चक्र येतं. १/२५० ठेवलंत तर एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी अर्ध्या चौकटीवर तपकिरी पट्टा.

पट्ट्याचं हे दुखणं जवारीच्या वेळी खरं छळतं. जवारी काढणारा कारागीर हाडाच्या किंवा फायबरच्या घोडीचा माथा कानशीनं दोन-तीन फटक्यांपुरता घासतो, तार छेडतो, कान जवळ नेतो, मान किंचित हलवतो, पुन्हा घासतो. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून नाद कुठं उघडतो ते शोधतो. हे सगळं कानावर चालतं. अशा वेळी शटरचा खटका म्हणजे गवयाच्या षड्जावर कुणी खोकल्यासारखं आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक म्हणजे मूक शटर लावा. पण मूक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे पट्टे आणखी गडद येतात. शटर १/१०० वर किंवा १/५० वर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली ते जातात. स्वस्त एलईडीखाली मात्र तरीही राहू शकतात. तिथं दाराच्या उजेडाखेरीज पर्याय नाही. एक चाचणी फोटो काढून मोठा करून बघा, मगच पुढं चला.

चौकट कुठली? सगळे जण भोपळ्यांची रांग काढतात. काढा तुम्हीही, ती टाळता येत नाही. मग बैठकीच्या उंचीवर या, म्हणजे जमिनीवर मांडी घाला. कारागीर जमिनीवर बसून काम करतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत त्याचा टाळूच दिसतो. बोटं, कान आणि घोडी एका चौकटीत आणून बघा. ३५ मिमीनं हे साधायला पाऊण मीटरवर बसावं लागतं, आणि तेवढ्या जवळ बसू द्यायला त्याला तासभर तरी तुमची सवय व्हावी लागते.

लोक पोज देतात, त्याला काय करायचं? द्यायची. तो फोटो नीट, मनापासून काढायचा, स्क्रीनवर दाखवायचा आणि कॅमेरा मांडीवर ठेवून दहा मिनिटं गप्पा मारायच्या. पोजची हौस फिटली की माणूस कामाला लागतो. पोज टाळायला गेलात तर दिवसभर तो तुमच्याकडेच बघत राहतो.

हळदीच्या सौद्यात

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळाभर जोरात असते. बाजार समितीच्या कार्यालयात जाऊन सांगा, मग एखाद्या अडत्याच्या दुकानात बसा. सौदे चालू असताना व्यापारी आणि ढीग यांच्या मध्ये येऊ नका. तिथं पैशाचं काम चाललेलं असतं.

हळद हा डिजिटल कॅमेऱ्याचा शत्रू आहे. तिच्या पिवळ्यात लाल वाहिनी (चॅनेल) काठोकाठ भरलेली आणि निळी जवळजवळ रिकामी असते. साधा हिस्टोग्रॅम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, हिशेब मुख्यतः हिरव्यावर करतो, म्हणून तो ‘सगळं ठीक’ म्हणत राहतो आणि घरी आल्यावर ढिगाच्या जागी सपाट पिवळा डाग निघतो. हळकुंडाच्या वळ्या, गड्ड्याची खरखर, काहीच नाही. कॅमेऱ्यात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) हिस्टोग्रॅम चालू करा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकेनाशी होईपर्यंत एक्सपोजर कमी करा. बहुधा दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) पुरतं. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणूनचं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पिवळं ‘दुरुस्त’ करायला जातो आणि हमालाचा पांढरा सदरा निळसर होतो. दिवसाच्या उजेडात तो ५२०० केल्विनवर बांधून टाका.

उडणारी धूळ हवी असेल तर तोंड उजेडाकडे करा. धुळीच्या पाठीमागून प्रकाश आला तरच कण चमकतात. तुमच्या पाठीमागून आला तर धूळ नुसता धुरकटपणा देते. पोतं पाठीवर घेऊन चाललेल्या हमालाबरोबर कॅमेरा फिरवत १/२० किंवा १/३० वर काढून बघा. दहातले आठ फुकट जातात, ते धरूनच चाला. त्याची वाट मात्र अडवू नका. पाठीवर पोतं असताना त्याला वाकून तुम्हाला चुकवता येत नाही.

शेडमध्ये लेन्स बदलायची नाही म्हणजे नाहीच. कॅमेऱ्यावर भुकटी बसली तर आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, शेवटी कापड. सुरुवातीलाच ओलं कापड फिरवलंत तर बटणांच्या फटीत पिवळा लगदा जातो आणि तो वर्षभर निघत नाही. मास्क लावा. पांढरा शर्ट घालून गेलात तर तो त्या दिवसापुरताच पांढरा.

हरिपूर आणि घाट

दुपार कलली की हरिपूरला निघा. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर, चालतही जाता येतं. संगमेश्वराचं देऊळ आणि दोन नद्यांचा संगम हा तिथला ठरलेला फोटो. त्याहून वेगळी गोष्ट जमिनीखाली आहे. हळद साठवायची पेवं. अरुंद तोंड, आत मोठं पोट. २००५ च्या महापुरानंतर त्यांतली बरीचशी निकामी झाली आणि माल गोदामांकडे वळला. गावात विचारलंत तर कुणीतरी जागा दाखवतं. आत उतरू नका, वाकून डोकंही घालू नका. बंद पेवातला प्राणवायू संपलेला असतो, आणि अशी माणसं दगावलेली आहेत. पेवाचा फोटो काढायचा तर त्याच्या काठावर कोण उभं आहे, ते घेऊन काढा. नुसतं भोक फोटोत भोकच दिसतं.

सूर्यास्ताला सांगलीच्या बाजूच्या घाटावर परत या. नदी गावाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य पलीकडे सांगलीवाडीकडे मावळतो आणि घाटावरची माणसं काळ्या आकृत्या होतात. हे सुंदर दिसतं आणि सगळे जण हेच काढतात. पाठ फिरवा : त्याच वेळी गावाकडच्या भिंतींवर पडलेलं ऊन बघा. कित्येक भिंतींवर २००५, २०१९, २०२१ च्या पुराच्या खुणा आहेत, कुठं रंगानं ओढलेली रेघ, कुठं नुसता ओलीचा कळकट पट्टा. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानली जाते, आणि पावसाळ्यात हे आकडे सांगलीकरांच्या तोंडी क्रिकेटच्या स्कोअरसारखे असतात. माणसाच्या डोक्याच्या वर असलेली रेघ आणि खाली निवांत भडंग खाणारा माणूस ही चौकट सांगली सोडून कुठं मिळणार नाही. नदी चढत असताना मात्र घाटावर जायचं नाही. पुलावर पोलिसांनी हटकलं तर वाद न घालता फोटो दाखवावेत आणि निघावं. ड्रोन आणूच नका.

रात्री लॉजवर

कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा. काहीही खोडू नका; थकलेल्या डोळ्यांना चुकीचे फोटो आवडतात. फक्त पटकन नजर टाकून बारा निवडा आणि वहीत एकच गोष्ट लिहा : यात काय नाही? बहुधा उत्तर असं निघतं की बायका नाहीत, किंवा सगळेच फोटो एकाच अंतरावरून आहेत, किंवा प्रत्येकात चेहरा आहे आणि वस्तू एकही नाही. दुसऱ्या दिवशी तेवढंच भरून काढायचं. उदाहरणार्थ, हळद निवडणाऱ्या बायका राहून गेल्या असतील तर मुकादमाला विचारण्याआधी त्या बायकांना विचारा. मुकादम ‘काढा की’ म्हणतो, त्या पदर ओढून पाठ फिरवतात आणि मग दिवसभर कुणी बोलत नाही.

सकाळी पहिल्या स्टुडिओवाल्याकडे जाऊन कालच्या पाच-सहा जणांच्या चार बाय सहाच्या प्रिंट काढा. खर्च फार तर शे-दोनशे रुपये. त्या नेऊन हातात द्या. काल दारातून परत पाठवलेला शेजारचा कारागीर आज स्वतः हाक मारतो, कारण ‘फोटो पाठवतो’ म्हणून गेलेले पाच जण त्यानं पाहिलेले असतात आणि प्रिंट घेऊन आलेला एकही नाही. प्रिंटला वेळ नसेल तर पत्ता लिहून घ्या आणि घरी गेल्यावर आठवड्याच्या आत पोस्टात टाका. मोबाइलवर पाठवलेला फोटो गर्दीत हरवतो, भिंतीला चिकटवलेला राहतो.

पुढच्या खेपेला तीच गल्ली, पण दुसरा हंगाम धरा. हळद बघायला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेला असाल तर पुन्हा दिवाळीनंतर जा. बाजारातली पिवळी धांदल तेव्हा ओसरलेली असते, ऊन तिरपं असतं आणि दुपारीसुद्धा काम करता येतं. निघण्यापूर्वी स्टुडिओवाल्याला एक फोन करा. मधल्या काळात कुठला कारखाना बंद झाला आणि कुणाच्या घरी काय कार्य आहे, ते तो सांगेल.